अनुदानाचा अर्ज आणि सिस्टरची खोली

अर्ज माझ्याकडे आला, कारण मला टाइपिंग येत होतं. दुसरं काही कारण नव्हतं. मी एका सरकारी कार्यालयात हिंदी टंकलेखक होते, आणि ब्राह्मणपारा या आमच्या मोहल्ल्यातल्या महिला मंडळात कॉम्प्युटरवर देवनागरी टाइप करणारी मी एकटीच. नवीन राज्य होऊन चार-पाच वर्षं झाली होती. भोपाळहून फायली येऊन पडल्या होत्या, त्या ठेवायला मात्र जागा नव्हती. रायपुरात जो तो खोल्या शोधत होता. ज्या घरांना आधी भाडेकरू मिळत नसत, त्यांच्यावर विभागांच्या पाट्या लागल्या.

मंडळाची एक इमारत होती. आमच्या आधीच्या बायकांनी वर्गणी काढून बांधलेलं प्रसूतिगृह. सहा खाटांची एक लांब खोली, एक बाळंतपणाची खोली, समोर रुंद पडवी, वर कवेलूंचं, म्हणजे कौलांचं छप्पर, आणि हात पुरणार नाही इतक्या जाड चुन्याच्या भिंती. पाऱ्यातल्या, पुरानी बस्तीतल्या मराठी घरांमधले निम्मे लोक तिथे जन्मले. मीही तिथलीच. मग नर्सिंग होम निघाली, बायका तिकडे जाऊ लागल्या आणि आमचं प्रसूतिगृह बंद पडलं. विकावं असं कोणाला वाटलं नाही आणि दुरुस्त करावं इतका जोर कोणात नव्हता. कवेलू सरकले, पडवीत बकऱ्या बसू लागल्या.

त्यातच दिल्लीच्या एका न्यासाची माहिती आमच्या अध्यक्षांना मिळाली. जुन्या इमारती वस्तीतल्या लोकांनी स्वतः पुन्हा वापरात आणायच्या, त्यासाठी तो न्यास अनुदान द्यायचा. अध्यक्ष म्हणजे एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांना आम्ही सगळ्या बाईच म्हणायचो. बाईंनी अर्जाची चोवीस पानं माझ्यासमोर ठेवली.

"वाचून घे नीट. एक रकाना सुटला तरी परत पाठवतात म्हणे."

मी आठवडाभर दुपारच्या सुट्टीत तो वाचला. न्यासाला पुष्कळ काही हवं होतं. इमारत कोणाची, किती जुनी, पुरावा काय. वस्तीला तिथे काय हवं ते विचारलं का, किती घरांना विचारलं, कोण काय बोललं.

म्हणून आम्ही दोघी-दोघी मिळून घरोघरी गेलो. पुरुष बहुतेक एकच बोलले. "किराए पर चढ़ा दो भाभी, इतने ऑफिस घूम रहे हैं." बायकांचं म्हणणं वेगळं पडलं. बिलासपूर, कांकेरकडच्या पोरी आता परीक्षांच्या तयारीला राजधानीत येत होत्या, एकेका खोलीत चार-चार राहत होत्या, त्यांना बसून अभ्यास करायला जागा नव्हती. पडवीशेजारी भाजी विकणारी बाई म्हणाली, "हव, बने हे. फेर पिए बर पानी मिलही का?" प्यायला पाणी मिळेल का, हेही मी टाइप केलं. पोरींसाठी अभ्यासिका, पुढच्या पडवीत कोणालाही बसायला जागा आणि पाण्याचा नळ, असं ठरलं. ते ठरवायला तीन बैठका लागल्या. अर्जात एका वाक्यात आलं.

पुरावा मात्र कुठेच नव्हता. मंडळाची जुनी कागदपत्रं वाळवीने खाल्ली होती. बाई म्हणाल्या, "सिस्टरला विचार. तिच्यापाशी असलं तर असलं."

सिस्टर त्या प्रसूतिगृहाची नर्स होती. भंडाऱ्याकडची, नागपूरला शिकलेली, बौद्ध घरातली. तरुणपणी रायपूरला आली ती इथेच राहिली. लग्न केलं नाही. प्रसूतिगृह बंद झालं तेव्हा तेव्हाच्या अध्यक्षांनी तिला मागची खोली राहायला दिली. तोंडी दिली, कुठे लिहिलेलं नव्हतं. त्यालाही आता पंधरा वर्षं झाली होती. ती सत्तरीच्या पुढची होती. पाऱ्यात कोणाला इंजेक्शन द्यायचं असलं, कोणाचं लेकरू रात्रभर रडलं, की लोक मागच्या दाराने तिच्याकडे जायचे.

मी गेले तेव्हा ती दारात बसून तांदूळ निवडत होती.

"पुरावा पाह्यजे तुले? थांब."

तिने खाटेखालून पत्र्याची पेटी ओढली. आत बाळंतपणाची रजिस्टरं होती, सगळी. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली, मधे कडुनिंबाचा पाला. तारीख, वेळ, आईचं नाव, मोहल्ला, मुलगा की मुलगी, वजन, आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. बहुतेक अक्षर तिचंच.

"तुही तारीख सांग."

मी सांगितली. तिने बरोबर पान काढलं. कन्या, साडेपाच पौंड. शेऱ्यात लिहिलं होतं, "उशिरा रडली."

"हे मंडळाले काहून पाह्यजे पण?" तिने विचारलं.

मी म्हटलं, इमारत दुरुस्त होणार आहे, अनुदानाचा अर्ज आहे. तिच्या खोलीबद्दल मी बोलले नाही. तिनेही विचारलं नाही. रजिस्टरं मोजून दिली आणि म्हणाली, "वापस आणजो. ओली नको होऊ देजो."

त्या अर्जाच्या अकराव्या पानावर तीन चौकोन होते. भवन रिक्त है. भवन आंशिक उपयोग में है. भवन आबाद है. एकावर खूण करायची होती. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की आबाद, म्हणजे कोणी राहत असलेल्या इमारतीसाठी राहणाऱ्याशी लेखी करार जोडावा.

बैठकीत मी ते वाचून दाखवलं.

बाई म्हणाल्या, "रिक्तवर कर खूण."

"बाई, पण सिस्टर राहतात ना तिथे."

"राहते, ते आपल्या मेहेरबानीवर. करार केला तर हक्क होतो. उद्या तिचा भाचा येऊन बसला तर काढशील तू? पाहून राहिली ना शहरात काय चाललंय ते. जमिनीचे भाव काय झाले, कोण कोणाच्या घरात घुसून बसलं. ही इमारत माझ्या नावाची नाही, मंडळाची आहे. मला उत्तर द्यावं लागेल."

बाई वाईट नव्हत्या. त्या म्हणत होत्या ते शहरात घडतही होतं. सिस्टरला घराबाहेर काढायचं कोणाच्याच मनात नव्हतं. काम झालं की ती पुन्हा तिथेच राहील, असंच सगळ्या धरून चालल्या होत्या. फक्त कागदावर ती नको होती. मी खूण केली. रजिस्टरांच्या पानांचे फोटो पुरावा म्हणून मागे जोडले, आणि अर्ज रजिस्टर्ड पोस्टाने गेला.

तीन महिन्यांनी न्यासाकडून पत्र आलं की पाहणीला येत आहोत. बाईंनी सिस्टरला सांगितलं, दोन दिवस भिलाईला भाच्याकडे जाऊन ये. भाचा तिथे कारखान्यात नोकरीला होता. सिस्टर "हो" म्हणाली.

पाहणीला एक आर्किटेक्ट आली. तिशीची असेल, सुती कुर्ता, हातात मापाची टेप. आम्ही सहा-सात जणी पडवीत उभ्या होतो. ती सगळ्या खोल्या पाहत मागे गेली आणि तिथे सिस्टर बसलेली होती. पांढरी साडी नेसून, केस विंचरून, खुर्चीवर. ती भिलाईला गेलीच नव्हती. ज्या घरात पाहुणे येणार तिथून घरच्या माणसाने निघून जावं, हे तिला पटलं नसावं. नक्की कारण मी पुढेही कधी विचारलं नाही.

"आप?" आर्किटेक्टने विचारलं.

"मैं यहाँ की सिस्टर हूँ. यहीं रहती हूँ."

बाई पुढे झाल्या. "कभी-कभी आती हैं," त्या म्हणाल्या. त्यांच्या मागे खोलीत चूल होती, देवळीत बाबासाहेबांचा फोटो होता, दोरीवर ओलं लुगडं होतं. आर्किटेक्टने ते सगळं पाहिलं, मग हातातला अर्ज उघडला.

"ये फॉर्म किसने भरा है?"

"मैंने," मी म्हटलं.

"आपको मालूम था?"

"हाँ."

ती रागावली नाही. ती म्हणाली, खोटी माहिती असलेला अर्ज मी पुढे पाठवू शकत नाही. तुम्ही तो मागे घ्या, पुढच्या वर्षी नवा करा, खरा करा. एवढं बोलून ती निघून जाईल असं आम्हाला वाटलं. पण ती सिस्टरसमोर वेताच्या बुटक्या मोड्यावर बसली आणि तिने नकाशा उघडला. पुढचे दोन तास दोघींचं चाललं होतं. ही खिडकी इथे का? रात्री खाटेवरून दार दिसायला. ही नाली? पाणी तापवून टाकायचो, ते वाहून जायला. ही भिंत मागून बांधली आहे का? हो, एका वर्षी फार बाया आल्या म्हणून आडोसा केला, तो कोणी पाडला नाही. आर्किटेक्ट लिहून घेत होती. बाकीच्या जणी एकेक करून घरी गेल्या. बाई शेवटपर्यंत उभ्या राहिल्या.

सगळे गेल्यावर सिस्टरने मला थांबवलं.

"काय लिवलं होतं वं त्यात?"

"रिकामी आहे म्हणून."

"टाइप करतानी तुले काही वाटलं का?"

"वाटलं. पण केलं."

ती म्हणाली, "म्याही केलं हाय. पत्रिका चांगली यावी म्हणून जन्माची वेळ बदलून लिवायले सांगत लोकं. डॉक्टरीणबाई म्हणे, लिवून टाक, कोणाचं काय जाते. म्या लिवली. किती जणांची आठवतही नाई आता." आणि थोड्या वेळाने, "चाय ठेवतो. बस."

मला वाटलं होतं ती रडेल किंवा मला बोलेल. तिने चहा केला. मी प्यायले आणि घरी आले. त्या रात्री मला झोप लागली, हेही लिहून ठेवायला हवं. लाज वाटली ती नंतर, हळूहळू, कामाच्या मधे-मधे.

पुढच्या वर्षीच्या अर्जाआधी करारावर बैठक झाली. सिस्टरला हयातभर ती खोली, आणि तिच्यानंतर खोली मंडळाची, वारसांचा हक्क नाही, असा मसुदा मी टाइप करून आणला होता. तो आर्किटेक्टनेच फोनवर समजावला होता. बाई विरोधात बोलल्या. त्यांची भीती तीच होती. मग त्यांनी शाळेत सांगायच्या तसे हात वर करायला लावले आणि स्वतः मोजले. बाजूने दोन हात जास्त होते.

"झालं तर मग," बाई म्हणाल्या, आणि पहिली सही त्यांनी केली. त्यानंतर त्या कामाला त्यांच्याइतकं कोणी जुंपून घेतलं नाही. सिस्टरने सही करताना चष्मा पुसून पूर्ण करार वाचला, एका जागी माझी शुद्धलेखनाची चूक दाखवली. ती बरोबर होती.

तिसऱ्या, 'आबाद'च्या चौकोनावर खूण केलेला अर्ज मंजूर झाला. पत्र आलं त्या दिवशी मंडळात पेढे वाटले. मी ऑफिसात होते, माझ्या वाटणीचा पेढा बाईंनी घरी पाठवला.

काम सुरू झालं तसं छत उतरवावं लागलं, आणि सिस्टरला खोली सोडून कुठेतरी राहायला लागणार होतं. भिलाईच्या भाच्याचं घर लहान. मी घरी विचारलं. आमचा फ्लॅट तेलीबांध्याला होता, तिसऱ्या मजल्यावर. नवरा म्हणाला, "राहू दे." सासूबाई म्हणाल्या, "किती दिवस?"

सिस्टर सात महिने राहिली. पहिल्या दिवशी सासूबाईंनी तिचा कप वेगळ्या कोनाड्यात ठेवला. मी तो घासून बाकीच्या कपांत मिसळला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा कोनाड्यात. असं आठवडाभर चाललं. सिस्टरला ते दिसत होतं. एका दुपारी मी भांडी लावत होते, तेव्हा ती हळूच म्हणाली, "तुह्या सासूची दोन्ही बाळंतपणं म्याच केली. दुसऱ्याच्या वेळी दोन दिवस तिच्या उशाशी होतो. तवा माहे हात चालले तिले."

"मी बोलते त्यांच्याशी."

"नको बोलू. म्या बोलायले आली नाई इथं. राहायले आली."

मी बोलले नाही. पुढे एका सकाळी सासूबाईंना चक्कर आली, मी ऑफिसला निघून गेले होते. सिस्टरने त्यांना आडवं केलं, पाय उंचावर ठेवले, ब्लड प्रेशर पाहिलं, माझ्या नवऱ्याला फोन केला. संध्याकाळी मी आले तेव्हा सगळे कप एकाच रांगेत होते. त्या दोघी मैत्रिणी झाल्या असं मला म्हणता येणार नाही. दुपारी एका सोफ्यावर बसून मालिका पाहायच्या, मधे एक उशी असायची.

इकडे कामावर रोज काहीतरी वाद. ठेकेदाराला स्लॅब टाकायचा होता, भिंतींना सिमेंट मारायचं होतं. न्यासाची अट होती की चुन्याच्या भिंतीला चुनाच. चुना मळणारा मिस्त्री शहरात मिळेना. शेवटी बाईंनी पुरानी बस्तीत हिंडून एक म्हातारा मिस्त्री शोधून आणला, त्याने गूळ आणि बेलफळाचं पाणी घालून चुना भिजवला. ठेकेदार हसला. त्या पावसाळ्यात भिंतींना ओल आली नाही, एवढं मी सांगू शकते. एक कोपरा मात्र आजही गळतो. तो चुन्याचा दोष की कवेलूंचा, यावर अजून एकमत नाही.

अभ्यासिका सुरू झाली. नळ लागला, भाजीवाल्या बाईने पहिल्या दिवशी तांब्या भरून नेला. सिस्टर आपल्या खोलीत परत गेली.

मला वाटलं होतं ही गोष्ट तिथे संपेल. सहा महिन्यांत मंडळाकडे लेखी तक्रार आली. चौदा पोरींच्या सह्या होत्या. मागच्या खोलीतल्या आजी पंखे बंद करतात, मोबाइलवर बोललं की ओरडतात, कोणी दुपारी जेवली नाही तर सगळ्यांसमोर विचारतात, आणि एकीला पाळीच्या दुखण्याबद्दल न विचारता सल्ला दिला.

बाईंनी कागद माझ्याकडे दिला. "याला उत्तर टाइप कर."

"काय लिहू?"

"तू सांग. हात वर करणाऱ्यांत तूच होती."

मी सिस्टरकडे गेले. तिने तक्रार वाचली.

"खरं हाय सगळं," ती म्हणाली. "पंखे काहून चालू ठेवतात खोलीत कोणी नसतानी? आन ती पोट्टी भोवळ येऊन पडली असती, उपाशी बसून राहिली होती. मी नाई विचारणार तर कोण विचारीन?"

"त्यांना राग येतो, सिस्टर. त्यांची जागा आहे ती."

"माही नाई का?"

"तुमचीही आहे."

"मग कसं करतं?"

मी पोरींसोबत बसले. त्या हिंदीतच बोलल्या. मराठी घरातल्या दोघी होत्या, त्याही मी मराठीत विचारलं तरी हिंदीतच उत्तर देत होत्या. शेवटी असं ठरलं की पंख्यांची जबाबदारी पोरींनी घ्यायची, आणि सिस्टरने अभ्यासाच्या खोलीत यायचं नाही, पडवीत बसायचं. ज्या पोरीला काही विचारायचं असेल ती पडवीत जाईल. सिस्टरने ते पाळलं. पहिले काही दिवस पडवीत कोणी गेलं नाही. नंतर जाऊ लागल्या, एकेकटी, पुस्तक हातात धरून. काय विचारायच्या मला माहीत नाही.

चार वर्षांनी भाच्याच्या सुनेला दिवस गेले. घरात मोठी बाई कोणी नव्हती. सिस्टर दोन महिन्यांसाठी म्हणून भिलाईला गेली. मग निरोप आला की आता परत येत नाही, गुडघे चालत नाहीत, आणि इथे घरात माणसं आहेत. पाठोपाठ तिच्या हातचं पत्र आलं, खोली मंडळाला परत करत असल्याचं. कराराप्रमाणे खोली हयातभर तिची होती, त्यामुळे ते लेखी हवंच होतं. तिने न सांगता नियमाने केलं. बाईंनी ते वाचलं, घडी घातली आणि बराच वेळ हातात धरून बसल्या. सिस्टरचा भाचा खोलीत येऊन बसेल, हा त्यांचा अंदाज चुकला होता.

एका रविवारी मी भिलाईला जाऊन आले. सिस्टर खाटेवर पाय पसरून बसली होती, मांडीवर भाच्याचा नातू. भाच्याच्या सुनेला ती बाळाच्या अंगाला तेल कुठवर लावायचं ते सांगत होती आणि सुनेचं लक्ष अर्धं टीव्हीकडे होतं. मला पाहून तिने आधी विचारलं, जेवून आली का. नाही म्हटल्यावर सुनेला वरणफळं करायला लावली. जेवताना मी तिला तिच्या खोलीबद्दल सांगितलं, तिथे आता दुसऱ्या गावाहून परीक्षेला आलेल्या पोरींना एक-दोन रात्री राहता येतं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, खिडकीला जाळी बसवली का, तिथे मच्छर फार. मी म्हटलं, बसवलेली नाही. ती म्हणाली, बसवा.

पुढच्या महिन्यात आम्ही जाळी बसवली.